जाळी घरची, वाट वाऱ्याची

आमच्या घराण्यात चारचाकी आली ती जानेवारी २०२४ मध्ये. नवी नव्हे, नऊ वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी, लहान बांध्याची. हौसेखातर घेतली असे कुणी म्हणू नये. आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे नशिबी आले. चार तास यंत्राला जोडून बाहेर पडलेला माणूस रिक्षाच्या दांडीला धरून विक्रोळीपर्यंत कसा येतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला गाडी कशासाठी घेतली हे सांगावे लागणार नाही. पुतण्याने पतपेढीचे कर्ज काढले, वहिनींनी बचत गटातून रक्कम उचलली, आम्ही आमच्या भविष्य निर्वाह निधीतून थोडा हातभार लावला. आम्ही कारकून माणूस, त्यात वाणिज्य शाखेचे पदवीधर. पैशाचा हिशेब आम्हाला तोंडपाठ असतो. वाऱ्याचा हिशेब मात्र आम्हाला येत नव्हता, आणि तो शिकायला मोठी किंमत द्यावी लागली. ती हकिगत आज सांगायची आहे, कारण आपल्या वस्त्यांतून जुन्या गाड्या घेणारी आणि त्या घरच्या घरी सजवणारी तरुण मुले आता खूप झाली आहेत.

गाडीला सगळे होते, फक्त पुढचे दात नव्हते. बॉनेटच्या खाली, दोन दिव्यांच्या मध्ये जी जाळी असते, जिला मुले ग्रिल म्हणतात, ती आधीच्या मालकाकडे असतानाच कशाला तरी धडकून फुटली होती. वस्तीतली पोरे तिला ‘बोळकी’ म्हणू लागली. पुतण्याला ते लागले. नवी जाळी दुकानात विचारली तर दोन हजार आठशे रुपये. त्या महिन्यात दादांची इंजेक्शने आणायची होती. तेव्हा त्याने ठरवले की जाळी आपणच घरी करायची आणि १४ एप्रिलच्या आत लावायची.

जाळीची हौस ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा चेहरा आठवून पाहा. तिची ती चौकोनी, चकचकीत जाळी हाच तो चेहरा. सकाळी स्टँडवर कपडा मारणारा टॅक्सीवाला आधी काच पुसे आणि मग ती जाळी. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. अँबॅसेडरचे तर नवे मॉडेल आले की नाही हे लोक जाळी पाहूनच ओळखत. माणसाचा चेहरा जसा नाकाने ओळखावा तशी गाडी जाळीने ओळखली जाते. त्या जाळीखाली लिंबू-मिरची टांगण्याची चालही जुनीच. आम्ही ते करीत नाही आणि कुणाला करू देत नाही. पण आता कबूल करायला हरकत नाही की लिंबू-मिरचीने निदान वारा तरी अडत नाही. आम्ही जे लावले त्याने अडला.

पुतण्याने काय केले ते नीट सांगतो. खिडकीला लावतात ती बारीक मच्छरजाळी, पण धातूची, आणली. ती वरच्या तोंडालाही लावली आणि बंपरमधल्या खालच्या तोंडालाही. मग काळ्या रंगाच्या स्प्रेचे चार हात मारले. बाहेरून पाहिले तर रंग झकास बसला होता. आतली भोके किती उरली हे कुणी पाहिले नाही. नंतर त्यावर ॲक्रिलिकची पाटी. पांढऱ्या पाटीवर निळे चक्र, चोवीस आऱ्यांचे, आणि खाली वळणदार अक्षरांत ‘जयभीम’. पाटी चांगली हातभर रुंद होती. तिचे सातशे रुपये आम्ही दिले. जयंतीच्या मिरवणुकीत गाडी दादांना घेऊन हळूहळू निघाली तेव्हा लोक थांबून पाहत होते. आम्ही पोराची पाठ थोपटली, चार लोकांपुढे कौतुकाचे दोन शब्दही बोललो. त्या शब्दांची आता लाज वाटते. मिरवणूक रात्रीची होती, थंड वेळेची, इंजिनावर काही भार नव्हता. गाडी बिचारी काही बोलली नाही.

मे महिन्यात आमच्या नाशिकच्या बहिणीच्या मुलीचा मंगल परिणय होता. दादा म्हणजे तिचा थोरला मामा. तिच्या शिक्षणाच्या काळात दर महिन्याला मनिऑर्डर पाठवणारा मामा. रविवारचे लग्न, डायलिसिस शनिवारी झालेले, पुढचे बुधवारचे. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. पहाटे निघायचे ठरले आणि आपल्याकडे ठरते तसे आठला निघालो. पुतण्या चालवायला, शेजारी दादा, मागे आई, वहिनी आणि आम्ही. एसी सुरू. शहापूरपर्यंत काही नाही. मोकळ्या रस्त्याला गाडी साठ-सत्तरने पळत होती, तेव्हा समोरचा वारा जोरात येऊन राहिल्या भोकांतूनही आत घुसत असावा.

कसाऱ्याचा घाट लागला आणि पुढे ट्रकची रांग. दुसऱ्या गिअरवर, चालत्या माणसाच्या वेगाने चढण. इंजिनाचे काम दुप्पट, वारा जवळजवळ नाही, वरून मे महिन्याचे ऊन. प्रथम दादांनी पाहिले. दादा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते; काट्याकडे नजर जाणे ही त्यांची सवय. म्हणाले, “काटा वर चाललाय. एसी बंद कर, बाजूला घे.” पुतण्याने एसी बंद केला, पण बाजूला घ्यायला जागा कुठे? मागून ट्रकचे हॉर्न. सपाट जागा मिळेपर्यंत त्याने काटा लाल पट्टीत असताना गाडी दोनेक किलोमीटर तशीच ओढली. तिथेच नुकसान झाले. बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी हुंदका दिल्यासारखी बंद पडली.

आम्ही शहाणपणा करून रेडिएटरचे झाकण उघडायला निघालो होतो. दादा आतूनच ओरडले, “हात लावू नको! तोंड भाजेल!” गरम रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, झाकण फिरवले की उकळते पाणी कारंज्यासारखे अंगावर येते. वाचकांनी हे एक वाक्य तरी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावे. गाडी तापली तर इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसावे. तापल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखे होऊन लोखंडाला तडा जाण्याची भीती असते.

स्वस्थ बसणे आम्हाला सोपे होते. आम्ही बाटल्यांतले पाणी पीत होतो. दादांना दिवसाला मोजून पाणी. यंत्रावरचा माणूस तहान लागली म्हणून घटाघट पिऊ शकत नाही. रस्त्याकडेच्या झाडाच्या अर्धवट सावलीत ते ओला रुमाल ओठांना लावून बसले होते. दोन तासांनी त्यांचा चेहरा उतरला. आईने, ऐंशी वर्षांच्या बाईने, निर्णय घेतला. “त्याला घरी घेऊन जा. लग्न माणसांनी व्हतं, पण माणूस राहिला पायजे.” एका टेम्पोवाल्या भल्या माणसाने दादांना आणि वहिनींना खाली कसारा स्टेशनला सोडले. तिथून लोकल, ठाण्याला उतरून धीमी गाडी, असे ते विक्रोळीला पोहोचले. आम्ही आईला घेऊन एसटीने नाशिकला गेलो. पुतण्या गाडीपाशी राहिला. मंगल परिणय लागत असताना मंचावर मामासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. भाचीने दोनदा तिकडे पाहिले.

इगतपुरीच्या मेस्त्रीने गाडी उघडली आणि हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले. साडेअकरा हजार रुपये, टोइंग वेगळे. त्या मेस्त्रीचा एक गुण आम्हाला आवडला: त्याने सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकला नाही. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हते, आधीच्या मालकाने नुसते नळाचे पाणी भरलेले होते. रेडिएटरच्या पात्यांत नऊ वर्षांची धूळ आणि किडे बसले होते. आणि तिसरे म्हणजे, बोट दाखवून तो म्हणाला, “साहेब, हे तोंडावर काय बांधलंय? माणसाच्या नाकावर उशी ठेवली तर तो घाट चढेल का?” पहिल्या दोन दुखण्यांवर गाडी कदाचित अजून वर्षभर चालली असती. तिसरे आम्ही स्वतः लावले होते.

आता ही जाळी असते कशासाठी, ते समजून घेऊ. इंजिन पेट्रोल जाळते, पण त्यातल्या उष्णतेचा थोडाच भाग चाकापर्यंत जातो. बराचसा धुराबरोबर जातो आणि एक मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणारे पाणी आपल्या अंगावर घेते. ते तापलेले पाणी पुढे रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरते आणि नळ्यांना लावलेल्या पातळ पात्यांवरून वारा गेला की थंड होऊन परत इंजिनात जाते. एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे आणखी एक तसाच दिसणारा भाग असतो, कंडेन्सर. एसीची उष्णता तो सोडतो, म्हणजे रेडिएटरला मिळतो तो आधीच गरम झालेला वारा. मागे विजेचा पंखा असतो. गाडी उभी असली किंवा हळू चालली की तो वारा ओढतो. पण पुढून येऊ दिला तरच ओढणार! जाळीचे काम दोन शब्दांत सांगायचे तर दगड बाहेर ठेवणे आणि वारा आत सोडणे. शोभा हे तिचे तिसरे काम.

घरी आल्यावर पुतण्याने ती जाळी काढून पलंगाखाली ढकलली आणि बापाशी बोलणेच टाकले. दादाही काही बोलेनात. पंधरा दिवस घरात असे चालले. गाडी दुरुस्त होऊन आली, डायलिसिसला जाऊ लागली, पण बोळकीच. मग जूनमध्ये एके संध्याकाळी दादा म्हणाले, “ती जाळी काढ बाहेर. आणि माझी पेटी आण.” पेटी म्हणजे त्यांची कारखान्यातली हत्यारांची पेटी. तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला व्हर्नियर होता. त्याने त्यांनी मच्छरजाळी मोजली, आम्हाला वही घ्यायला सांगितली आणि म्हणाले, “तू बीकॉम ना? मांड हिशेब.”

तो हिशेब इथे देतो. हिशेबाशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तारेची जाडी ०.३ मिलिमीटर, दोन तारांमधले भोक १.२. म्हणजे एक घर १.५ चे. उघडी जागा किती? १.२ गुणिले १.२ भागिले १.५ गुणिले १.५, म्हणजे शेकडा ६४. शंभर रुपयांतले छत्तीस तारेनेच खाल्ले. त्यावर चार हात रंग. तारेच्या प्रत्येक बाजूला ०.१ मिलिमीटर जाडी चढली असे धरले तर भोक राहिले १ मिलिमीटरचे. शेकडा ४४. आणि वरच्या तोंडाची निम्मी रुंदी पाटीने झाकलेली. राहिले बावीस! शिवाय भोके इतकी बारीक की रस्त्याची धूळ आणि किडे त्यांत अडकून बसणार ते वेगळेच. आम्ही वहीकडे पाहत राहिलो. सातशे रुपये देऊन आम्ही शंभरातले बावीस शिल्लक ठेवले होते. आता दुसरी जाळी घ्या: भोक १० मिलिमीटर, तार दीड. उघडी जागा शेकडा ७५ च्या वर. तिला तितकाच रंग दिला तर ७२ च्या पुढे उरते. बारीक जाळीत रंगाने वीस गेले, मोठ्या जाळीत तीन. पुतण्या हे ऐकत दारात उभा होता. आत आला आणि म्हणाला, “दहाची मिळते का, बघतो उद्या.” त्या घरात पंधरा दिवसांनी झालेले ते पहिले संभाषण.

पुढचे काम बापलेकांनी केले. आम्ही आणणे-नेणे केले आणि पाहिले. जसे पाहिले तसे सांगतो.

फुटक्या जाळीला जाळी बांधण्याऐवजी आधी चौकट नीट पाहिजे, हे दादांचे पहिले म्हणणे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे त्याच मॉडेलची वापरलेली चौकट साडेसहाशेला मिळाली. जाताना फुटका तुकडा बरोबर न्यावा; एकाच नावाच्या गाडीची जाळीसुद्धा दोन-चार वर्षांनी बदललेली असते, आणि दुकानदार ‘बसेल, बसेल’ म्हणतोच. चौकटीचा एक पाय तुटलेला आणि एक तडा होता, म्हणून स्वस्त.

गाडीवरचे जुने अवशेष काढताना पुतण्या स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला. दादांनी थांबवले. जाळी प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसवलेली असते. खुंटीच्या मध्यभागची पिन आधी वर उचलायची, मग खुंटी आपोआप सुटते. लोखंडी पात्याने उचकटले तर बंपरचा रंग जातो; शाळेची प्लास्टिकची पट्टी कापडात गुंडाळून वापरली. उन्हात वर्षे काढलेले प्लास्टिक पापडासारखे झालेले असते, जोर लावला की कडकन मोडते. प्रत्येक खुंटी काढण्याआधी मोबाइलवर फोटो, आणि खुंट्या वहिनींच्या मसाल्याच्या जुन्या डब्यात.

तडा सांधायला गोंद लागला नाही. तड्याच्या मागच्या बाजूला स्टेपलरच्या पिना आडव्या ठेवून तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्या प्लास्टिकमध्ये रुतवल्या आणि वरून त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून लिंपला. पुढून काही दिसत नाही. याचा धूर मात्र वाईट. खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला फडके बांधून करावे. दादा दाराबाहेर खुर्चीवर बसून सूचना देत होते, पोर आत काम करीत होते.

मग रंग. पहिल्या खेपेला पुतण्याने चौकट थिनरने पुसली होती आणि कड चिकट झाली होती. या जाळ्या बहुधा एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि कडक थिनर ते प्लास्टिक विरघळवते. साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळवावी, बस्स. चकचकीत क्रोम असेल तर त्यावर रंग धरत नाही, खपल्या निघतात. म्हणून आधी ३२० नंबरचा आणि मग ६०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून चमक पूर्ण जाईपर्यंत घासायचे. हे सगळ्यांत कंटाळवाणे काम. दोन संध्याकाळी गेल्या, आणि आमच्या सौभाग्यवतींनी भांडी घासण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव सांगून कोपरे कसे घासायचे ते दाखवले. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. त्यावर प्लास्टिकचा प्रायमर आणि मग काळा रंग. डबा वीतभर लांब धरायचा, हात एका जागी थांबवायचा नाही, पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा पातळ थर. एकदम जाड थर दिला की ओघळ येतात.

इथे पावसाने अडवले. पुतण्याला घाई, दादांचा नकार. दमट हवेत मारलेला रंग सुकताना पांढुरका पडतो. चार दिवस वाट पाहून पाचव्या दिवशी कोरडे ऊन पडले तेव्हा गच्चीवर, वहिनींच्या जुन्या साडीवर चौकट ठेवून रंग झाला. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही. लहान पोरांना सांभाळणे हेच खरे काम होते.

दहा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची जाळी पत्र्याच्या कात्रीने कापली, चारी बाजूंनी दोन बोटे जास्त ठेवून. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात. हातमोजे घालावेत आणि कडा कानशीने मारून घ्याव्यात. जाळी चौकटीच्या मागून बसवली. मध्ये सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे दिले म्हणजे गाडी चालताना खडखड होत नाही. मागच्या कंडेन्सरला जाळी कुठेही टेकता कामा नये. तिथली पाती कागदासारखी असतात, एकदा वाकली की तेवढा वारा बंद. ती धुतानासुद्धा जोराच्या फवाऱ्याने धुवू नयेत, साध्या नळीने हलके पाणी सोडावे.

राहिले चक्र. ते काढून टाकावे असे आम्हाला वाटत नव्हते, पण तोंड उघडायची हिंमतही नव्हती. तोडगा आईने काढला. ती इतके दिवस खाटेवर बसून पाहत होती. म्हणाली, “चाकाला आऱ्या असत्यात, आरपार दिसतं. तुम्ही पाटीवर चाक काढलं, मग त्यो चाक कसला? ताटच की!” दादा हसले, किती दिवसांनी. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीचे बारा सेंटिमीटरचे कडे वळवले आणि आरपार चक्र केले. चोवीस आऱ्या एवढ्याशा जागेत दाट होतात, वारा अडतो. तेव्हा अष्टांगिक मार्गाचे आठ आऱ्यांचे धम्मचक्र, निळे, वरच्या कोपऱ्यात, रेडिएटरच्या तोंडापासून बाजूला. रिव्हेटने पक्के. सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊ नये म्हणून दादांनी ते ओढून, हलवून तीनदा पाहिले.

कायद्याचेही थोडक्यात सांगून ठेवतो, कारण कार्यकर्ता म्हणून पोलीस चौकीत आम्हालाच बोलावतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ बांधणीत फरक करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. जाळीला रंग देणे वेगळे आणि पुढे लोखंडी नळ्यांचा सांगाडा बसवणे वेगळे. अशा बुलबारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले. त्याने पायी चालणाऱ्याचा जीव जातो आणि एअरबॅग वेळेवर फुगण्यात अडथळा येतो. जाळीच्या मागे लाल-निळे उघडमीट करणारे दिवे लावू नयेत. मंत्र्यांचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, आपण कशाला लावायचे? नंबरप्लेटवर काहीही लिहू नये, तिला झाकू नये. आणि नव्या गाड्यांत जाळीच्या किंवा चिन्हाच्या मागे कॅमेरा किंवा रडार असेल तर तिथे रंगाचा थेंबही नको. ‘जयभीम’ची अक्षरे आम्ही मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात लहान करून लावली.

एकूण खर्च : चौकट ६५०, जाळी ३२०, प्रायमर, रंग व पॉलिशपेपर ७४०, रिव्हेट-स्क्रू ९०. बेरीज १,८०० रुपये. यात पहिल्या खेपेची पाटी व रंग धरलेला नाही, गॅस्केट धरलेले नाही. ती रक्कम आम्ही वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहे.

लावल्यावर दादांनी लगेच बाहेर जाऊ दिले नाही. गाडी मोकळ्या मैदानात उभी करून, इंजिन आणि एसी सुरू ठेवून वीस मिनिटे काट्यावर नजर ठेवायला लावली. पंखा सुरू होतो का, पुन्हा बंद होतो का, ते कान देऊन ऐकले. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. कूलंट नवे भरलेले होते, रेडिएटर धुतलेला होता. बंद खोलीत किंवा झाकलेल्या पार्किंगमध्ये ही परीक्षा करू नये, इंजिनाचा धूर जीवघेणा असतो.

मे २०२५ मध्ये त्याच भाचीच्या मुलीचे नाव ठेवायचे होते. यावेळी खरोखरच पहाटे पाचला निघालो. कसाऱ्याच्या घाटात पुन्हा ट्रक, पुन्हा दुसरा गिअर. कुणी काही न सांगता पुतण्याने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. दादा काट्याकडे पाहत होते, आम्ही दादांकडे. गेल्या वर्षीचे झाड गेले तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला. आई झोपली होती. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा कळले की घाटात कुणीच एक शब्द बोलले नव्हते. नाशिकला भाचीने बाळ आणून आधी दादांच्या मांडीवर ठेवले, मग बाकीच्यांना पाया पडली.

रात्री परत आल्यावर पुतण्या टॉर्च घेऊन जाळी पाहायला खाली उतरला. वाण्याची पातळ प्लास्टिकची पिशवी खालच्या तोंडाला सपाट चिकटून बसली होती, कुठून उडून आली कोण जाणे. त्याने ती सोलून काढली आणि वर येऊन दादांना दाखवली. दादा म्हणाले, “बुधवारी निघायच्या आधी पुन्हा बघ.”